चार चाकांची ताकद : केव्हा वापरावी, कशी वापरावी?

आपल्या वस्त्यांतील, गावांतील कितीतरी तरुण आज पिकअप गाडी चालवून घर चालवितात. कोणी पहाटे भाजीपाला बाजार समितीत पोहोचवितो, कोणी विटा-वाळू वाहतो, कोणी मंडपाचे बांबू आणि भांडी नेतो, तर कोणी ठेकेदाराच्या गाडीवर पगारी चालक म्हणून जंगलातल्या, धरणावरच्या, विजेच्या मनोऱ्यांच्या कामावर जातो. बहुतेकांच्या गाड्या साध्या, म्हणजे फक्त मागच्या दोन चाकांना ताकद देणाऱ्या असतात. परंतु ठेकेदारांकडे, वन खात्याच्या कामावर आणि डोंगराळ भागात चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाड्या असतात. महिंद्राच्या बोलेरो कॅम्परमध्ये अशी गाडी निघते, इसुझूची डी-मॅक्स व्ही-क्रॉस आहे आणि २०२२ पासून टोयोटाची हायलक्सही आपल्या देशात मिळते. या गाड्यांत नेहमीच्या गिअरच्या दांड्याशेजारी एक दुसरा छोटा दांडा असतो किंवा समोरच्या फळीवर एक फिरवायचे बटण असते. त्यावर टू-एच, फोर-एच, फोर-एल अशी अक्षरे असतात.

हा छोटा दांडा केव्हा ओढायचा आणि केव्हा ओढायचा नाही, हे चालकाला कोण सांगतो? गाडीबरोबर येणारे माहितीपुस्तक बहुधा इंग्रजीत असते आणि ते मालकाच्या घरी कपाटात पडलेले असते. चालक हाताखालच्या चालकाला तोंडी सांगतो, तो पुढच्याला सांगतो. त्यात निम्मे बरोबर असते आणि निम्मे चुकीचे. मग एखाद्या दिवशी गिअरची पेटी फुटते, हजारोंचा खर्च निघतो आणि "तू गाडी मोडलीस" असे म्हणून चालकाच्या पगाराला कात्री लागते. कधी त्याहून वाईट घडते, गाडी घाटात घसरते. म्हणून या वेळी हा विषय घेतला आहे. ज्यांच्या घरात पिकअप चालविणारा मुलगा, भाऊ किंवा नवरा आहे, त्यांनी हे पान त्याला वाचून दाखवावे. ज्यांच्या घरात नाही, त्यांनीही वाचावे. कारण अशा गाडीच्या मागे बसून कामावर जाणाऱ्यांत आपलीच माणसे जास्त असतात.

आधी रचना समजून घेऊ

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकन सैन्यासाठी विलीज जीप तयार झाली. चिखल, वाळू, डोंगर यांतून माणसे आणि सामान नेता यावे म्हणून तिच्या चारही चाकांना ताकद देण्याची सोय होती. १९४७ पासून हीच विलीज जीप महिंद्राने आपल्याकडे जोडायला सुरुवात केली. आज पिकअप गाड्यांत जी व्यवस्था दिसते, तिचे मूळ तत्त्व त्या जीपमधलेच आहे.

इंजिनाची ताकद आधी गिअर बॉक्समध्ये येते. साध्या गाडीत ती तेथून एका लांब शाफ्टने मागच्या धुऱ्याकडे जाते. चार चाकांच्या गाडीत गिअर बॉक्सच्या मागे आणखी एक पेटी असते. तिला ट्रान्सफर केस म्हणतात. ही पेटी ताकदीची वाटणी करते. दांडा टू-एचवर असला की सगळी ताकद मागे जाते. फोर-एचवर टाकला की मागचा आणि पुढचा असे दोन्ही शाफ्ट एकमेकांना घट्ट जोडले जातात आणि दोन्ही सारख्याच वेगाने फिरू लागतात. फोर-एलवर टाकला की चार चाके तर जोडली जातातच, शिवाय वेग साधारण अडीच पटीने कमी होतो आणि चाकांना मिळणारा जोर तितक्याच पटीने वाढतो. सायकलवरून चढण चढताना आपण लहान गिअर घेतो, पायडल भरभर फिरते, सायकल हळू चालते पण चढते. फोर-एल म्हणजे तेच.

"सारख्याच वेगाने फिरू लागतात" हे शब्द नीट लक्षात ठेवावेत. या गाडीची सगळी मदत आणि सगळा धोका या एका गोष्टीत आहे.

कोरड्या डांबरावर का नाही?

बैलगाडी वळताना पाहिली असेल. बाहेरच्या बाजूच्या बैलाला जास्त चालावे लागते आणि आतला जवळजवळ जागच्या जागी फिरतो. गाडीची दोन्ही चाके आपापल्या परीने मोकळी फिरतात, म्हणून काही अडत नाही. मोटारीतही वळताना प्रत्येक चाक वेगवेगळे अंतर कापते. एकाच धुऱ्यावरील डाव्या-उजव्या चाकांतला हा फरक सांभाळण्यासाठी धुऱ्याच्या मध्यभागी डिफरन्शियल असते. परंतु पुढची चाके आणि मागची चाके यांतही फरक पडतो. वळणावर पुढची चाके मोठ्या वर्तुळातून जातात आणि मागची लहान वर्तुळातून.

टू-एचमध्ये पुढची चाके मोकळी असल्याने हा फरक जाणवत नाही. फोर-एचमध्ये मात्र पुढचा आणि मागचा शाफ्ट बांधलेला असतो. पुढच्या चाकांना जास्त फिरायचे असते, मागची त्यांना तसे करू देत नाहीत. जमीन चिखलाची, वाळूची किंवा सैल मुरमाची असेल तर टायर थोडे घसरून हा ताण मोकळा करतात. कोरड्या डांबरावर किंवा सिमेंटच्या रस्त्यावर टायर घसरत नाहीत. मग तो ताण शाफ्टमध्ये, सांध्यांत आणि ट्रान्सफर केसच्या दात्यांत साठत जातो. दोरीला पीळ देत राहावे तसा हा प्रकार आहे. गाडी वळताना जड वाटते, स्टिअरिंग झटके देते, खालून कटकट आवाज येतो, टायर लवकर झिजतात आणि शेवटी पेटीतील दाता किंवा साखळी तुटते.

याचे एक लक्षण चालकांना परिचित असते. दांडा फोर-एचवरून टू-एचवर येतच नाही, अडकून बसतो. तेव्हा दांड्यावर जोर लावून उपयोग नाही, दांडाच वाकेल. गाडी सरळ रेषेत काही मीटर मागे घ्यावी किंवा एका बाजूची चाके रस्त्याकडेच्या सैल मातीवर आणून हळू चालवावी. पीळ सुटतो आणि दांडा आपोआप मोकळा होतो.

म्हणून पहिला नियम असा : कोरडा, पक्का रस्ता असेल तर टू-एच. मग गाडी रिकामी असो की भरलेली, चढण असो की सपाटी. "लोड जास्त आहे, फोरमध्ये टाक" हा सल्ला डांबरी रस्त्यावर चुकीचा आहे. नुसता पाऊस पडून डांबर ओले झाले असले तरी वेग कमी करून टू-एचमध्येच जावे. पण घाटात दरडीची माती रस्त्यावर पसरली असेल किंवा शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरांनी रस्ता चिखलाने माखला असेल, तर तेवढ्या टप्प्यापुरते फोर-एच घ्यावे आणि पक्का रस्ता लागताच काढावे.

काही गाड्यांत चारही चाके कायम जोडलेली असतात आणि पुढच्या-मागच्या शाफ्टमध्ये आणखी एक डिफरन्शियल असते. त्यांना हा नियम लागू नाही. वर नावे घेतलेल्या पिकअप गाड्यांची रचना मात्र तशी नाही.

फोर-एच केव्हा?

आपल्याकडे विदर्भ-मराठवाड्यातील काळी माती पाण्याने फुगते आणि लोण्यासारखी निसरडी होते. ती टायरच्या खाचांत भरते आणि टायर गुळगुळीत होतो. कोकणात पावसाळ्यात जांभ्याच्या रस्त्यावर शेवाळ धरते. नदीकाठी वाळू असते, खाणीकडच्या रस्त्यावर सैल खडी असते. अशा ठिकाणी, जेथे जमीन सैल किंवा निसरडी आहे पण गाडी मध्यम वेगाने चालू शकते, तेथे फोर-एच वापरावे.

येथे पिकअपची एक खोड सांगितली पाहिजे. रिकाम्या पिकअपचा मागचा भाग हलका असतो. इंजिनाचे वजन पुढे आणि ताकद मागच्या हलक्या चाकांना, म्हणून रिकामी गाडी थोड्याशा चिखलातही मागून गरगरा चाके फिरवते आणि शेपूट हलविते. माल भरला की मागची चाके जमिनीला धरतात, पण वजनामुळे मऊ जमिनीत रुततातही. म्हणून माल उतरवून परत येताना शेतरस्त्यावर फोर-एचची गरज जास्त पडते, हे अनुभवी चालक जाणतात.

सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे फोर-एच चिखलात शिरण्याआधी टाकावे. चाके रुतून फिरू लागल्यावर दांडा ओढणे म्हणजे घर पेटल्यावर विहीर खणणे होय. फिरत्या चाकांवर दांडा ओढल्याने दात्यांना धक्काही बसतो. पुढे काळे पाणी साचलेले दिसते आहे, ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या खोल गेल्या आहेत, तर आधी थांबावे, खाली उतरून पाहावे आणि मगच दांडा टाकावा.

फोर-एल केव्हा?

जेथे वेग नको, जोर हवा, तेथे फोर-एल. उभी कच्ची चढण, मोठे दगड असलेला ओढा, खोल चिखल, रुतलेली दुसरी गाडी ओढणे आणि विशेष करून भरलेली गाडी घेऊन कच्चा तीव्र उतार उतरणे. उतारावर फोर-एल आणि पहिला गिअर टाकला की इंजिनच गाडीला धरून ठेवते. ब्रेकवर सतत पाय ठेवावा लागत नाही, त्यामुळे ब्रेक तापून निकामी होत नाहीत. मात्र उतरताना क्लच दाबू नये. क्लच दाबला की इंजिनाची पकड सुटली आणि भरलेली गाडी मोकाट सुटली असे समजावे.

कच्च्या चढणीवर गाडी मध्येच बंद पडली तर घाबरून स्टिअरिंग वळवू नये. उतारावर आडवी झालेली गाडी उलटते. ब्रेक घट्ट धरावा, हँडब्रेक ओढावा, रिव्हर्स गिअर टाकावा, क्लच दाबून इंजिन सुरू करावे आणि मग क्लच हळू सोडत, इंजिनाच्या पकडीत, आल्या वाटेने सरळ मागे यावे. मागे माणूस उभा नाही ना, हे आधी पाहावे. खाली येऊन पुन्हा विचार करण्यात कमीपणा नाही.

दांडा टाकण्याची पद्धत

टू-एचमधून फोर-एचमध्ये जाताना बहुतेक नव्या गाड्यांत थांबावे लागत नाही. वेग कमी करून, स्टिअरिंग सरळ ठेवून, अॅक्सिलरेटर सोडून दांडा किंवा बटण टाकता येते. किती वेगापर्यंत चालते, ते त्या त्या गाडीच्या पुस्तकात दिलेले असते. वळणावर असताना टाकू नये.

फोर-एलसाठी गाडी थांबवावी. गिअर न्यूट्रल करावा, क्लच पूर्ण दाबावा आणि मगच फोर-एल टाकावे. समोरच्या फळीवरील दिवा लुकलुकत असेल तर काम पूर्ण झालेले नाही. दिवा स्थिर झाल्यावरच निघावे. फोर-एल काढतानाही हीच पद्धत. फोर-एलमध्ये वेगाने गाडी पळवू नये. इंजिन ओरडेल आणि तापेल.

जुन्या काही गाड्यांत पुढच्या चाकांच्या मध्यभागी हाताने फिरवायची कुलुपे असतात. ती फिरविल्याशिवाय नुसता दांडा टाकून पुढच्या चाकांना ताकद मिळत नाही. अशी गाडी हाती आली तर आधी ती पाहून घ्यावी. दोन्ही चाकांची कुलुपे एकाच स्थितीत हवीत.

आणखी एक धोका. काही गाड्यांच्या छोट्या दांड्याला 'एन' म्हणजे न्यूट्रल अशीही एक जागा असते. दांडा तेथे राहिला, तर मोठ्या दांड्याने गिअर टाकून ठेवला तरी गाडीची चाके मोकळीच असतात. उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवून चालक निर्धास्त उतरतो आणि गाडी चालू लागते. म्हणून गाडी उभी करताना हँडब्रेक ओढावा आणि उतारावर चाकाखाली दगड लावावा.

चार चाके काय करू शकत नाहीत?

या गाडीविषयी सर्वांत मोठा गैरसमज असा की तिला काहीच होत नाही. हा गैरसमज जीव घेतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, थांबण्यासाठी या व्यवस्थेचा उपयोग नाही. ब्रेक साध्या गाडीलाही चारही चाकांनाच असतात. चार चाकांची ताकद गाडीला पुढे नेते. निसरड्यावर ती लवकर थांबत नाही. उलट चाके न घसरता गाडी जोरात निघते, म्हणून रस्ता निसरडा असल्याचे चालकाला उशिरा कळते. हिमाचलात बर्फ पडला की मनालीच्या वर अटल बोगद्याच्या बाजूला प्रशासन बहुधा फक्त चार चाकांच्या ताकदीच्या गाड्या सोडते. तरीही तेथे अशाच गाड्या उतारावर घसरतात, कारण चढताना मिळालेला भरवसा उतरताना कामाला येत नाही.

दुसरी गोष्ट, गाडीची माल वाहण्याची क्षमता वाढत नाही. नोंदणी पुस्तकात जे वजन लिहिले आहे तेच खरे. स्प्रिंगा, टायर, ब्रेक त्याच वजनासाठी केलेले असतात.

तिसरी गोष्ट, पूर. वाहत्या पाण्यात गाडीचा प्रश्न पकडीचा नसतो, तरंगण्याचा असतो. साधारण दोन फूट वाहते पाणी पिकअपसारखी गाडीही वाहून नेऊ शकते. चाके जमिनीपासून उचलली गेली की दोन काय आणि चार काय? पुलावरून पाणी जात असेल तर थांबावे, मालक फोनवर काहीही म्हणो. संथ, ओळखीच्या पाण्यात जायचेच असेल तर काठीने खोली पाहावी, तळ कसा आहे ते पाहावे, फोर-एलमध्ये पहिल्या-दुसऱ्या गिअरने एकसारखे, न थांबता जावे. पाण्यात इंजिन बंद पडले तर पुन्हा सुरू करू नये. इंजिनात पाणी शिरले असेल तर सुरू करताच आतले रॉड वाकतात आणि दुरुस्तीचा खर्च आवाक्याबाहेर जातो.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. पिकअपच्या हौद्यात माणसे बसवू नयेत. ऊस तोडायला, कापूस वेचायला, लग्नाला, जत्रेला, सभेला अशी कितीतरी माणसे आजही हौद्यात उभी राहून जातात. "आपली गाडी फोर-बाय-फोर आहे, कुठेही चढते" असे म्हणून तीस-तीस माणसे घाटात नेली जातात. उभ्या माणसांमुळे गाडीचा तोल वर जातो आणि वळणावर ती उलटते. चार चाकांची ताकद उलटणे थांबवू शकत नाही. आणि नंतर काय होते, तेही ऐका. मालवाहू गाडीत मालाबरोबर जाणारा मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी यांना विम्याचे संरक्षण असते. पण हौद्यात फुकट किंवा भाडे घेऊन बसविलेल्या प्रवाशांची भरपाई देण्यास विमा कंपनी बांधील नाही, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने २००२ मधील निकालात घेतली आहे. म्हणजे माणूस गेला तर घरच्यांच्या वाट्याला वर्षानुवर्षे कोर्टाच्या फेऱ्या येतात. आपल्या माता-भगिनींनी या एका बाबतीत हट्टी व्हावे. हौद्यात बसणार नाही, मुलांना बसविणार नाही, असे मुकादमाला स्पष्ट सांगावे. एकटीने सांगितले तर ऐकणार नाही. दहाजणींनी सांगितले तर ऐकावे लागेल.

चार चाके असूनही गाडी रुतली तर?

असेही होते. कारण डिफरन्शियलचा स्वभाव असा की ज्या चाकाला फिरणे सोपे, त्याच्याकडे तो ताकद सोडून देतो. पुढचे एक आणि मागचे एक अशी दोन चाके चिखलात किंवा अधांतरी असली, तर तीच दोन गरगर फिरतात आणि जमिनीवर असलेली दोन स्वस्थ बसतात. यासाठी काही गाड्यांत मागच्या डिफरन्शियलला कुलूप लावण्याचे बटण असते. हायलक्समध्ये ते आहे. ते लावले की मागची दोन्ही चाके एकत्र फिरतात. ते फक्त सुटका होईपर्यंत, सरळ जाताना आणि अगदी हळू वापरावे. कुलूप लावून गाडी नीट वळत नाही.

कुलूप नसेल तर अॅक्सिलरेटर दाबत राहू नये. चाक जितके फिरेल तितके खोल जाईल आणि धुरा जमिनीला टेकेल. एकदा धुरा टेकला की गाडी स्वतःहून निघत नाही. आधी थांबावे. फावड्याने चाकांच्या पुढची माती काढून तिरकी वाट करावी. खाली दगड, फळ्या, तुराट्या, पोती जे मिळेल ते दाबून घालावे. शक्य असेल तर माल उतरवावा. मग फोर-एलमध्ये दुसऱ्या गिअरने, कमी अॅक्सिलरेटरवर हळू निघावे. वाळूत रुतले तर टायरची हवा थोडी कमी केल्याने टायर पसरतो आणि पकड वाढते. पण भरलेल्या गाडीने तशा टायरवर डांबरी रस्त्याला लागू नये. आधी हवा भरावी.

टोचन लावण्याची वेळ आली तर दोर चांगला जाड असावा आणि तो गाडीच्या सांगाड्यावरील हुकालाच बांधावा, बंपरला नव्हे. दोर ताणलेला असताना कोणीही त्याच्या जवळ किंवा रेषेत उभे राहू नये. तुटलेला दोर किंवा निसटलेला लोखंडी हुक गोळीसारखा येतो. बघ्यांची आणि मुलांची गर्दी आधी दूर करावी.

निगा

चार चाकांच्या गाडीचे चारही टायर एकाच मापाचे आणि साधारण सारखे झिजलेले असावेत. पैसे वाचविण्यासाठी मागे रिमोल्ड टायर आणि पुढे जुने घासलेले टायर घातले, तर त्यांचा घेर वेगळा होतो आणि फोर-एचमध्ये गाडी सरळ चालली तरी मघाशी सांगितलेला पीळ पडतो. ट्रान्सफर केसमध्ये आणि पुढच्या-मागच्या डिफरन्शियलमध्ये वेगवेगळे ऑइल असते. ते वेळेवर बदलावे. खोल पाण्यातून गाडी गेली असेल तर ते ऑइल तपासावे. दुधासारखे पांढुरके दिसले तर आत पाणी गेले आहे, लगेच बदलून घ्यावे. आणि महिन्यातून एकदा तरी कच्च्या रस्त्यावर काही किलोमीटर फोर-एचमध्ये गाडी चालवावी, म्हणजे पुढच्या भागांना ऑइल लागते आणि ऐनवेळी दांडा जाम होत नाही.

घ्यावी का अशी गाडी?

ज्यांचा स्वतःची गाडी घेण्याचा विचार आहे, त्यांनी शोरूममधल्या गोड बोलण्यावर न जाता कागद-पेन्सिल घ्यावी. समजा दोन प्रकारच्या गाड्यांच्या किमतीत ६० हजारांचा फरक आहे आणि हप्ते पाच वर्षांचे आहेत. म्हणजे वर्षाला १२ हजार झाले. त्यावर व्याज, जादा वजनामुळे लागणारे जादा डिझेल, जादा ऑइल आणि दुरुस्ती मिळून आणखी ६ हजार धरा. एकूण वर्षाला १८ हजार. आता साधी गाडी रुतली तर ट्रॅक्टरवाल्याचे १ हजार आणि बुडालेल्या फेरीचे २ हजार, असे एका वेळी ३ हजार जातात असे समजा. म्हणजे वर्षातून सहापेक्षा जास्त वेळा गाडी रुतत असेल तरच जादा किंमत वसूल होते. हे आकडे नमुन्याचे आहेत. प्रत्येकाने आपले आकडे घालून हिशेब करावा. जो बाजार समिती ते शहर अशा डांबरी रस्त्यावरच धावतो, त्याला साधी गाडी आणि चांगले टायर पुरेत. ज्याचे काम डोंगरात, खाणीत, धरणावर आहे, त्याला दुसऱ्या गाडीचा विचार करता येईल. शेजाऱ्याने घेतली म्हणून घेऊ नये. हप्ता शेजारी भरत नाही.

चालकाने आणि घरच्यांनी करावयाच्या गोष्टी

पगारी चालकाने गाडी ताब्यात घेतानाच मालकाकडे माहितीपुस्तक मागावे. मिळाले नाही तर त्यातील चार चाकांच्या भागाची पाने झेरॉक्स करून घ्यावीत. इंग्रजी अडत असेल तर लाज कसली? घरात दहावी-बारावीची मुलगी किंवा मुलगा असेल तर त्याच्याकडून वाचून घ्यावे आणि वहीत मराठीत उतरवून ठेवावे. मुलांच्या इंग्रजीचा सराव होईल आणि बापाच्या नोकरीला आधार होईल. त्याच वहीत गाडीतील दोष तारखेनिशी लिहावेत. "दांडा अडकतो, मालकास सांगितले" एवढी एक ओळ पुरेशी आहे. मालकाला तोच निरोप मोबाइलवर लिहूनही पाठवावा.

याचे कारण असे की गाडी मोडल्यावर चालकाजवळ सांगण्यासारखे पुष्कळ असते, पण दाखविण्यासारखे काही नसते. पगारातून नुकसान कापण्याबद्दल कायद्याचे म्हणणे स्पष्ट आहे. नुकसान कामगाराच्या हयगयीने झालेले असले पाहिजे, कपात झालेल्या नुकसानीपेक्षा जास्त असता कामा नये आणि कामगाराला आपले म्हणणे मांडण्याची संधी दिल्याशिवाय कपात करता येत नाही. १९३६ च्या वेतनाच्या कायद्यात हे होते आणि २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. झिजून गेलेला दाता आज तुटला म्हणून आज स्टिअरिंगवर असलेल्याने त्याची सगळी किंमत द्यावी, हा न्याय नव्हे. मात्र हे सांगायचे तर आपला वापर बरोबर होता, हे आपल्याला आधी माहीत असले पाहिजे. ज्याला फोर-एच आणि फोर-एलमधला फरक सांगता येतो, त्याच्याशी गॅरेजवाला आणि मालक दोघेही जपून बोलतात.

एवढे नियम लक्षात ठेवावेत : पक्क्या रस्त्यावर टू-एच. चिखलात शिरण्यापूर्वी फोर-एच. उभ्या चढ-उतारावर थांबून फोर-एल. वाहत्या पाण्यापुढे गाडी थांबवावी. हौद्यात माणूस बसवू नये. हे पाच नियम एका कार्डावर लिहून गाडीच्या समोरच्या काचेजवळ लावावेत. गाडीवर नवा पोरगा आला की पहिल्या दिवशी त्याला ते वाचायला द्यावेत आणि कच्च्या रस्त्यावर एकदा आपल्यासमोर दांडा टाकून दाखवायला सांगावे.